रंकाळ्याच्या बोटींचा निळा

गंगावेश, कोल्हापूर
१४ जानेवारी १९७९

चि. सौ. बिबीजान हिस,

लालासाब नदाफ याचे अनेक दुवा. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवत जा, म्हणजे जिवाला घोर राहत नाही.

हे पत्र तुझी भावजय फातिमा लिहिते आहे, मी सांगतो आहे. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, दुसरं काही नाही.

रंकाळ्यावर बोटी चालवणारे आपले त्र्यंबकराव यांनी यंदा सगळ्या बोटींच्या सीटा नव्यानं करायला दिल्या आहेत. त्यांच्या बोटींना आजवर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा टाका लागलेला नाही. जुन्या सीटा फाटून काथ्या बाहेर आला, बायकांचे पदर खिळ्यांत अडकायला लागले, तेव्हा कुठे त्यांना जाग आली. चैत्रात जोतिबाची यात्रा. डोंगरावरून उतरलेली माणसं अंबाबाईचं दर्शन घेतात आणि तिथून सरळ बोटीत बसायला येतात. त्याच्या आत सीटा तयार पाहिजेत. इथवर ठीक.

पण त्र्यंबकराव म्हणतात, रेक्झिन क्रीम कलरचं घाला. कुणा पाहुण्याची मोटार बघून आलेत. मी विचारलं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? जोतिबाहून आलेला माणूस शेंडीपासून टाचेपर्यंत गुलालात माखलेला असतो. तो क्रीम सीटवर बसून उठला की मागं काय राहील? रेक्झिन गुलाल पितं, आणि एकदा प्यायलं की साबणाला दाद देत नाही की रॉकेलला. मग म्हणाले, काळं घाला. मे महिन्यात दुपारी काळ्या रेक्झिनवर स्वतः बसून दाखवा म्हटलं, मग बोलू. शेवटी मी निळा सांगितला. निळा पाण्यावर शोभतो, उन्हात फार तापत नाही, आणि गुलालाचा डाग त्यावर जांभळट होऊन लपून जातो. कबूल झाले.

आता खरं दुखणं ऐक. या कोल्हापुरात निळा मिळत नाही! लक्ष्मीपुरीतलं एक दुकान सोडलं नाही. निळा मागितला की पुढ्यात काय टाकतात, तर राख. नाहीतर शेवाळ. वर तोंड करून सांगतात, चाचा, ह्योच निळा. अरे, मी सारी हयात रेक्झिन फाडण्यात घालवली आणि तू मला निळा शिकवतोस? दुधात पाणी घालत होते ते ठीक, आता रंगातही घालायला लागले. एक कंपनी धड निळा बनवत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की काय कळत नाही.

निळा म्हणजे कसला, तर फातिमाची ती इरकली आहे ना, लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला मी स्वतः जाऊन आणलेली, तसला. आत्तासुद्धा तीच नेसून समोर बसली आहे. जावईबापू एस.टी.च्या कारखान्यात सीटांच्याच खात्यात आहेत, तर पुण्यात काय काय निळे मिळतात त्यांचे तुकडे पाकिटातून पाठवायला सांग. मागं कापडाचं अस्तर असलेलंच पाहिजे. बिनअस्तराचं पातळ रेक्झिन खिळ्याच्या जागी चिरत जातं.

जावईबापू गैबीसाहेबांना सलाम. पोरांना दुवा. तुमची माया आहे, ती तशीच राहू दे.

तुझा अब्बा,
लालासाब

ता. क. आपा, इथून खाली माझं आहे, अब्बांनी सांगितलेलं नाही. चष्म्याची काडी मोडलेली नाही. चष्मा कपाटावर आहे. घालूनही दिसत नाही म्हणून घालत नाहीत. परवा मशीनची सुई बोटात गेली, तर सुई वाकडी आहे म्हणून कारखानदाराला शिव्या दिल्या. दुकानात मी बरोबर होते. तिथला निळा मला तरी चांगला निळाच दिसला. आणि माझ्या साडीची काय दशा आहे ते तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत बघून गेलाच आहात. त्यांना सांगवत नाही. वर ज्या शिव्या सांगितल्या त्या मी लिहिल्या नाहीत. — फातिमा


दापोडी, पुणे
२२ जानेवारी १९७९

ती. अब्बांना बिबीजानचा सलाम. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. सगळ्या हिंदुस्थानातल्या रेक्झिन कंपन्यांनी तुमच्याविरुद्ध कट केल्याचं वाचून ह्यांना फार वाईट वाटलं. कारखान्यात ही बातमी सांगतो म्हणाले.

थट्टा राहू दे. ह्यांनी बाजारात हिंडून चार तुकडे आणले आहेत. प्रत्येकाच्या मागं नंबर आहे. सगळे अस्तराचे आहेत. तुम्ही बघून नंबर कळवा, म्हणजे तागा एस.टी.नं पाठवता येईल. खाली काथ्याच भरा असं ह्यांचं म्हणणं आहे. फोम पाणी धरून ठेवतो, आणि आठ दिवसांत बोटीला कुबट वास मारायला लागतो. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण जावयाचं ज्ञान सासऱ्यापर्यंत पोचवणं माझं काम.

थोरला शाळेत मारामारी करून आला. तुमच्यावर गेला आहे म्हणून त्याला कुणी रागावलं नाही. तब्येत सांभाळा. सुई जपून चालवा. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
बिबीजान

(आतली चिठ्ठी फक्त फातिमासाठी.)
फातिमा, एक नंबर आकाशी आहे. दोन नंबर गडद निळा. तीन नंबर निळा नाहीच, काळा आहे, मी मुद्दाम घातला आहे. चार नंबर ह्यांनी हसण्यासाठी टाकला. एका बँडवाल्यानं आपली गाडी मढवायला मागवलेल्या ताग्यातला उरलेला आहे. लांबून बघितला तरी डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. अब्बा कशाला काय म्हणतात ते मला शब्दाला शब्द कळव.


गंगावेश, कोल्हापूर
२ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. बिबीजान हिस अनेक दुवा. वि. वि. तुकडे पोचले. जावईबापूंना माझ्या वतीनं विचार की पुण्याला माणसं राहतात की कोण राहतं.

एक नंबर. ह्याला निळा म्हणायचा? पावसाळ्यात गगनबावड्याच्या भिंतींवर जे चढतं ते ह्याच्यापेक्षा निळं असतं. दोन आणि तीन एकाच ताग्यातले आहेत, दोन्ही काळे ठिक्कर. एकच कापड दोनदा कापून दोन नंबर टाकायचे ही कुठली रीत? दुकानदारानं जावईबापूंना फसवलं, आणि एस.टी.च्या सीटा करणारा माणूस फसला, ह्याची मला लाज वाटते.

पण चार नंबर! बाई गं, हा निळा! चारही तुकडे दारात नेऊन उजेडात धरले, तर तीन मेलेले आणि हा एक जिता. फातिमाला जवळ उभी केली आणि तिच्या पदराशेजारी धरून बघितला. हुबेहूब तोच. असा रंग बाजारात असताना हे लोक मला राख दाखवत होते! आणि जावईबापूंनी तो चौथा का ठेवला? पहिला ठेवला असता तर तीन तुकड्यांची चीड वाचली असती. ताबडतोब सहा बोटींना पुरेल एवढा तागा पाठवावा.

तुकडा बघून तुझा भाऊ अल्लाउद्दीन तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. काय झालं विचारलं, तर म्हणे ठसका लागला. त्र्यंबकराव आले होते, त्यांनाही दाखवला. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. इतका पसंत पडला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

बाकी ठीक. सगळ्यांना दुवा. विसर पडू देऊ नये.

लालासाब

ता. क. आपा, माझ्या पदराशेजारी धरला तेव्हा मी भिंतीकडे बघत उभी होते. त्र्यंबककाका मला जिन्याखाली गाठून म्हणाले, पोरी, ही बोट आहे का वरातीची गाडी? मी सांगितलं, अब्बांना दिसत नाही. काका पायरीवर बसले. म्हणाले, लालासाबला मी नाही म्हणू शकत नाही, पण उद्या माणूस बोटीत बसला नाही तर मला दुसरा कारागीर बघावा लागेल, आणि ते झालं तर तो मरेल. मार्चअखेर वारणानगरला डोळ्यांचं शिबिर आहे. मी एकदाच विषय काढला, तर अब्बांनी हातातली कात्री फेकली. त्यांचे तालमीतले जोडीदार केरबामामा असल्याच शिबिरात डोळा घालवून आले, तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. केरबामामा पट्टी निघायच्या आत तालमीची माती उकरायला गेले होते, हे मात्र कुणी सांगत नाही. — फातिमा


दापोडी, पुणे
१० फेब्रुवारी १९७९

ती. अब्बांना बिबीजानचा सलाम. वि. वि. तागा कालच्या गाडीनं पाठवला आहे. फातिमा, हे पत्र वाचून दाखवताना एक शब्दही गाळू नकोस. शपथ आहे.

अब्बा, दोन नंबर आणि तीन नंबर एका ताग्यातले नव्हते. दोन गडद निळा होता. तीन काळा होता, आणि तो मी मुद्दाम पाठवला होता. एक नंबर इतका सुरेख आकाशी होता की ह्यांनी त्याचीच पिशवी शिवून घेतली. चौथा आम्ही थट्टेनं घातला होता, आणि तुम्ही तोच निवडला. कंपन्यांनी काही केलेलं नाही, अब्बा. दुकानदारांनीही नाही. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे.

मला राग मोतीबिंदूचा नाही, तो कुणालाही होतो. राग ह्याचा आहे की सगळं घर तुमच्या भोवती पाय न वाजवता चालतं. तुमचा मुलगा तोंडावर रुमाल धरतो. तुमचा दोस्त जिन्याखाली कुजबुजतो. आणि तुम्ही राजासारखे बसून मेलेल्या रंगांचा हिशेब सांगता. सुई बोटात गेली ती वाकडी होती म्हणून? कधीपासून हो? लहानपणी आम्हाला शिकवलंत की वरचं कव्हर कुजलं की त्यावर दुसरं ठोकू नये, कुजलेलं काढावं आणि मग बघावं आत काय शाबूत आहे. सीटांना लावता तो नियम स्वतःला का लावत नाही? आतली नजर अजून शाबूत आहे. उशीर झाला तर ती जाईल, आणि मग टाका नाही, रंग नाही, आणि माझी पोरंही तुम्हाला दिसायची नाहीत.

वारणानगरच्या शिबिराला जायचं. मला भांडायचं नाही, पण भांडण झालंच तर मी तुमचीच मुलगी आहे.

रागावलात तरी चालेल, पण आम्हाला अंतर देऊ नका.

तुमची,
बिबीजान


गंगावेश, कोल्हापूर
१९ फेब्रुवारी १९७९

बिबीजान हिस.

पोरीनं बापाची परीक्षा घेतली. काळा तुकडा घालून! हे सगळ्या पुण्यात सांग. थोरल्याच्या शाळेत सांग.

माझ्या दुकानात, माझ्या मशीनवर, माझ्या सुनेच्या तोंडून मला ऐकवतेस की मी आंधळा आहे. ती वाचत होती आणि रडत होती, पण एक शब्द गाळला नाही, इतकी तुझी शपथ मोठी. आलेला तागा मी उघडला. निळा आहे की नाही? आहे. मग आंधळा कोण? ज्याला निळा दिसतो तो, की जो निळ्याला वरातीची गाडी म्हणतो तो? हो, तेही मला ठाऊक आहे. त्र्यंबकरावांचं कुजबुजणं रंकाळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जातं.

शिबिराचं नाव ह्या घरात कुणी काढायचं नाही. केरबाला विचार. दोन डोळ्यांनी गेला होता.

सीटा होणार. यात्रेआधी होणार. माझ्याच हातनं होणार. त्या बघायला तू येऊ नकोस.

लालासाब नदाफ

ता. क. आपा, दुवा लिहू का म्हणून मी दोनदा विचारलं, ते हो म्हणाले नाहीत. नको म्हणाले नाहीत. कुणाशी बोलत नाहीत. मला फितूर म्हणाले, पण सुईत दोरा ओवायला अजून मलाच हाक मारतात. अल्लाउद्दीन मदतीला गेले तर त्यांना उचगावला गाद्या पोचवायला पिटाळतात. — फातिमा


गंगावेश, कोल्हापूर
२४ मार्च १९७९

ती. सौ. बिबीजान आपांना फातिमाचा सलाम. वि. वि. आज पत्र सगळं माझंच आहे. अब्बांनी काही सांगितलेलं नाही. घाबरू नका, वाईट काही नाही. पण झालं ते लिहायलाच पाहिजे.

पाच बोटींच्या सीटा झाल्या. शिवण अशी की बघत राहावं, गोट सरळ, खिळे सगळे पितळी, एका रेषेत. बोटांनीच शिवतात ते आता. सहाव्या बोटीला रेक्झिन कमी पडलं. तुम्हाला लिहावं तर तुमच्यावर राग. मग एका संध्याकाळी कुणाला न सांगता एकटेच गेले आणि लक्ष्मीपुरीतून तुकडा घेऊन आले. दुकानात नवा पोरगा होता, अब्बांनी बोट दाखवलं ते त्यानं बांधून दिलं. रातोरात दोन सीटा शिवून ठेवल्या. सकाळी अल्लाउद्दीननी बघितलं तर त्या हिरव्या होत्या. गडद हिरव्या. वडिलांपुढं तोंड उघडण्याची त्यांची हिंमत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. माझी पण झाली नाही. तशाच नेऊन बसवल्या.

परवा त्र्यंबककाकांनी बोट बघितली आणि मग मात्र त्यांचा धीर सुटला. घाटावरच ओरडले, लालासाब, अर्धी बोट हिरवी केलीस की रं! अब्बा त्याच्या दुप्पट ओरडले. म्हणाले सगळी निळी हाय, तुम्हा सगळ्यांचं डोकं फिरलंय. माणसं गोळा झाली. भेळवाला आला, बोटीत बसायला आलेली मंडळी थांबली. अब्बांनी त्यातल्याच एका परगावच्या माणसाचा हात धरून त्याला बोटीपाशी नेलं. पावणं, तुम्ही ह्या गावचं न्हाय, तुम्हाला कुणाची भीड न्हाय, सांगा ह्यो रंग कंचा? तो बिचारा म्हणाला, म्हातारबा, फुडचा निळा हाय आणि मागचा हिरवा. अब्बांनी त्याला सांगितलं की तुला बी ह्यांनी पढवलंय.

लोक हसले, आपा. मला तिथं उभं राहवेना. मी पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरलं, तर माझा हात झटकला आणि स्वतः बोटीत उतरले. पुढच्या सीटवर हात फिरवला, मग मागच्या. मग पुन्हा पुढच्या. मला आधी कळेना काय करतात. तुमच्या ताग्याला बारीक दाणा आहे, कातड्यासारखा. कोल्हापूरच्या तुकड्याला तो नाही, गुळगुळीत आहे. ते त्यांच्या बोटांना लागलं. शिवताना लागलं नसेल असं नाही, पण तेव्हा राग होता. किती वेळ हात फिरवत होते कोण जाणे. मग त्याच गुळगुळीत सीटवर बसले आणि बसूनच राहिले.

त्र्यंबककाका आधी शुद्धीवर आले. जमलेल्या लोकांना त्यांनी अशा काही शिव्या दिल्या की दोन मिनिटांत घाट रिकामा झाला. मग ते बोटीत उतरून अब्बांच्या शेजारी बसले.

घरी आल्यावर अब्बा जेवले नाहीत. निजायच्या आधी मला हाक मारून म्हणाले, त्या बाईला कळीव, मी वारणेला जातोय. डोळं चांगलं हायत म्हणून डॉक्टरच लिहून दील, मग तिच्या तोंडावर मारीन त्यो कागद. मी बरं म्हटलं. मग म्हणाले, त्र्यंबक म्हणत हुता, केरबा पट्टी निघायच्या आतच मातीत गेलता, व्हय गं? मी हो म्हटलं. पांघरूण ओढून घेत म्हणाले, गाढव हाय त्यो.

पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. तुम्ही या. त्यांनी येऊ नको म्हटलंय, म्हणूनच या. तुमच्या मायेवर आमचं सगळं चाललं आहे.

तुमची,
फातिमा


दापोडी, पुणे
२७ मार्च १९७९

ती. अब्बांना बिबीजानचा सलाम. वि. वि. मी बुधवारच्या गाडीनं येते आहे. येऊ नकोस असं तुम्ही सीटांसाठी म्हणाला होता, डोळ्यांसाठी नाही. पट्टी असेपर्यंत मी उशाशी बसणार आणि तुम्ही मान हलवलीत तर ओरडणार. घाटावर हसणाऱ्या माणसांची नावं फातिमाला विचारून ठेवली आहेत, नंतर एकेकाला बघू. भेटीची ओढ लागली आहे.

बिबीजान


गंगावेश, कोल्हापूर
५ जून १९७९

चि. सौ. बिबीजान हिला तिच्या बापाचा लई लई दुवा.

अक्षर बघून वळखलं असशील. फातिमा माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिवीत हुती. आता जसं तोंडातनं येतंय तसं लिवतोय. चौथीपर्यंतच शिकलोय, चुका काढत बसू नगं.

आन आधी एक सांगतो. माझं सांगून झाल्यावर बी तिचा पेन करकरत ऱ्हायचा. दर टायमाला. डोळं गेलतं माझं, कान न्हवं. तुम्ही दोघी खाली काय लिवत हुता ते मी इचारलं न्हाय आणि इचारणार बी न्हाय. पण मला काय कळत न्हवतं असं समजू नगा.

नवा चष्मा आला. काचा असल्या जाड हायत की केरबा म्हणला, बाटलीचं बूड लावलंय का काय. त्यो रोज येऊन बसतोय आन मला मान हलवू नगं म्हणतोय, आता सांगायला आलाय मोठा. पैल्यांदा चष्मा घातला तवा समदं निळं दिसाय लागलं. दूध निळं, चुना निळा, अल्लाउद्दीनची दाढी निळी. मी डॉक्टरला धारेवर धरलं, म्हणलं येवढा कुठला निळा भरलाय माझ्या डोळ्यात. ते हसून म्हणाले, हळूहळू बसंल. बसलं बी.

मग रंकाळ्याला गेलो. बिबीजान, तू आल्तीस तवा बघितल्यास त्या बोटी. बघून मला बोलली न्हाईस! येवढा भडक! सगळा तलाव फिका पडलाय त्यांच्यापुढं. लांबनं बघितलं तर वाटतंय आता ताशा वाजंल. मी त्र्यंबकला म्हणलं, आत्ताच्या आत्ता समदं उसवतो. तर त्यो आडवा आला. पोरं बँडची बोट म्हणून त्याच मागत्यात, यात्रेला रांग लागली हुती, न्हाय उसवायचं म्हणला. मागच्या दोन हिरव्या तेवढ्या मी बदलल्या. त्याच्यावर बोलायचं न्हाय कुणी. पण रंग निळा हाय का न्हाय? हाय. मी पैल्यापासनं म्हणत हुतो त्योच निळा. त्यात मी चुकलो न्हाय.

आता राग कशाचा आलाय ते सांगतो. ऱ्हावत न्हाय म्हणून हे पत्र लिवाय बसलोय.

रंकाळ्यावरनं घरी आलो. फातिमा चा घेऊन दारात आली, मागनं ऊन हुतं. मी म्हणलं, ही पांढरी साडी कवा काढलीस, ती निळी इरकली कुठं हाय? ती कप ठेवून आत गेली. अल्लाउद्दीन म्हणला, अब्बा, ती हीच. हीच! मी आत जाऊन पदर हातात घेऊन बघितला. निळा औषधाला न्हाय. काठ सुदीक गेलाय. काथ्या भरून, धुऊन, उन्हात टाकून जाळी पडलीया जाळी. आन मी सगळ्या गावाला सांगत सुटलो, माझ्या सुनेच्या साडीसारखा निळा दाखवा. तिच्याच हातनं तुला लिवून घेतलं. तिनं लिवलं. त्या साडीत समोर बसून लिवलं. काय वाटलं आसंल गं तिला?

घरात डोळ्याची माणसं किती हुती? तिचा नवरा हुता. तू दिवाळीला येऊन गेलीस, ऑपरेशनला येऊन ऱ्हाईलीस, माझ्या उशाशी बसून माझ्यावर वरडलीस. एकानं सांगितलं न्हाय. माझ्या डोळ्याचं सांगाया सगळे पुढं, हिच्या साडीचं सांगाया कोण न्हाय. मला दिसत न्हवतं म्हणून मी सुटलो. तुम्हाला तर दिसत हुतं. लाज वाटती मला तुमची आन माझी बी.

सोबत एक तुकडा जोडलाय. बोटीच्या सीटातला हाय, चार नंबरचा, कापताना उरल्याला. पुण्यात इरकली मिळत्यात त्या पेठंत जा आन ह्याच रंगाची साडी घे. काठ लाल पायजे. दुकानाच्या बाहेर काढून उन्हात धर, तुकडा शेजारी ठेव आन बघ. हुबेहूब पायजे. दुकानदार आकाशी दाखवंल, गडद दाखवंल, ह्योच निळा म्हणंल, ऐकू नगंस. भडक वाटंल, वाटू दे. फातिमाला ह्यातलं काय सांगितलेलं न्हाय, ईदेला तिच्या हातात ठेवायची हाय.

जावईबापूंना सलाम, पोरांना दुवा. माया हाय तशी ऱ्हाऊ दे. साडीचा रंग जरा जरी हिकडं तिकडं झाला तर परत धाडीन, आन दुसरी आणाया मी स्वतः एकटा गाडीत बसून पुण्याला येईन. आता मला दिसतंय.

तुझा बाप,
लालासाब